नावडतं बोलायचं कुठं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या ऑक्टोबरात मला आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपातून काढून टाकलं. वय अडुसष्ट. त्यातली एकतीस वर्षं औसा तालुक्यातल्या विविध कार्यकारी सोसायट्यांचा गटसचिव म्हणून गेली, म्हणजे जिल्हा बँकेचा पैसा शेतकऱ्यांना पीककर्ज म्हणून देणाऱ्या गावोगावच्या सहकारी सोसायट्यांची दप्तरं लिहिण्यात. हिशेबात पाच पैशांचा फरक निघाला तर रात्री कंदील लावून खतावणी उलगडत बसणारा माणूस मी, आजवर मला कुणी कुठून काढलं नव्हतं. ग्रुपाला नाव ग्रामदैवताचं, सभासद चारशेच्या वर, ॲडमिन माझा चुलत पुतण्या. पडद्यावर बारीक अक्षरांत एवढंच आलं, की अमक्यानं तुम्हाला काढलं. अमका म्हणजे ज्याला मी खांद्यावर बसवून यात्रेतल्या कुस्त्या दाखवल्या तो.

गुन्हा काय, तर सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन उभ्या-उभ्या कुजलं. तेरणेकाठच्या कित्येकांची माती वाहून गेली, खाली मुरूम उघडा पडला. ग्रुपावर सकाळपासून रात्रीपर्यंत सरसकट कर्जमाफीचे संदेश फिरत होते. मी लिहिलं, ‘भरपाई हेक्टरी मागा, रोख मागा, दिवाळीच्या आत मागा. सरसकट कर्जमाफी मागू नका. मी ती तीनदा जवळून बघितलीय. भरणारा येडा ठरतो, थकवणारा शहाणा ठरतो आणि सोसायटी मरते.’

एका मिनिटात पहिलं उत्तर आलं, ‘शेकेटरी, पेन्शन मिळतीय म्हणून सुचायलंय तुमाला.’ (गटसचिवाला सरकारी पेन्शन नसते, पण ते असो.) दुसऱ्यानं जात काढली. तिसऱ्यानं गाढवाचं चित्र टाकलं. त्यावर सतरा जणांनी हसरे चेहरे टाकले, त्यात माझा सख्खा साडूही होता. आणि मग मी ग्रुपाबाहेर.

माझी वेळ चुकली, हे मी आजही मान्य करतो. ज्याच्या बांधावरून अजून पाणी ओसरलं नाही, त्याला पतशिस्त शिकवू नये. पण जे बोललो ते हवेतलं नव्हतं. २००८ च्या केंद्राच्या माफीत पूर्ण सूट दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला होती. त्यावरच्याला पंचाहत्तर टक्के भरले तर पंचवीस टक्के सवलत. आमच्याकडे दोघे सख्खे भाऊ, दोघांची कोरडवाहू जमीन, बांधाला बांध. एकाला साडेचार एकर, दुसऱ्याच्या वाट्याला विहिरीकडची जादा पट्टी आली म्हणून सहा. धाकट्याचं सगळं माफ झालं आणि थोरल्यानं बायकोच्या पाटल्या मोडून पंचाहत्तर टक्के भरले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. २०१७ ला दीड लाखापर्यंत माफी आणि नियमित भरणाऱ्याला जास्तीत जास्त पंचवीस हजार. २०१९ ला दोन लाखांपर्यंत माफी आणि नियमितवाल्याला पन्नास हजारांपर्यंत. नुसती कुजबुज सुरू झाली की वसुली थांबते. वसुली थांबली की सभासदाकडून येणं एक आणि जिल्हा बँकेला देणं दुसरं. आमच्या खात्यात त्याला अनिष्ट तफावत म्हणतात. एकदा ती पडली की पुढच्या जूनमध्ये बियाण्याला पैसे मागायला आलेल्याला ‘बँकेकडून आले की देतो’ एवढंच सांगायचं उरतं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या हॉटेलात पुतण्याला गाठलं. चहा त्यानंच मागवला. म्हणाला, ‘आप्पा, तुमचं खोटं हाय असं मी म्हणत न्हाई. पण उद्या कोण तक्रार केली तर पोलीस ॲडमिनला उचलतेत.’ ही भीती मी पंचक्रोशीतल्या प्रत्येक ॲडमिनच्या तोंडून ऐकलीय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की सभासदानं काही आक्षेपार्ह टाकलं तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. दोघांनी संगनमतानं केलं असं दिसावं लागतं. त्याआधी मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्दच केलं होतं. हे सगळं पुतण्याला सांगितलं. त्यानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, ‘कोर्टातनं सुटंस्तोवर ठाण्यात कोण बसायचं?’ यावर मी काय बोलणार!

घरी येताना मला पिठाची गिरणी आठवली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि आठवड्याभरात मराठवाडा पेटला. मी तेव्हा लातूरला बी.कॉम.ला होतो, सुट्टीत गावी आलो होतो. आमच्या शाळेतले एक गुरुजी पारावर बसून म्हणाले, नाव दिलं तर काय बिघडलं, न्यायाचीच गोष्ट आहे. त्यांचा दुसऱ्या दिवशीचा दळणाचा डबा गिरणीवाल्यानं झाकणही न उघडता परत केला. गुरुजींचा मुलगा तो डोक्यावर घेऊन गेला. मी त्याच रांगेत माझी ज्वारी घेऊन उभा होतो. गप्प उभा राहिलो, दळण घेतलं, घरी आलो. नामविस्तार व्हायला पुढं १४ जानेवारी १९९४ उजाडलं. तोवर गुरुजी बदली करून घेऊन निघून गेले होते.

तर आता माझ्यावर पाळी आली. गिरणीपेक्षा हे बरंच सौम्य, दळण चालू आहे. पण बोलायचं कुठं? निवृत्त माणसाच्या हातात वेळ असतो आणि आता नेटही असतं. म्हणून मी जागा शोधायला लागलो. ‘इंटरनेटवर सगळं मिळतं’ असं तरुण मंडळी सांगत असतात, म्हणून ही हकिकत कळवतोय.

पहिल्यांदा शेतकऱ्यांचे मोठे फेसबुक ग्रुप बघितले. तिथं गाढवाऐवजी ‘दलाल’ ही पदवी मिळाली, बाकी गावच्यासारखंच. टेलिग्रामवर एका ग्रुपात दोन लाखांपर्यंत माणसं मावतात म्हणे. मी ज्यात गेलो त्यात पंधरा-वीस हजार असतील. त्या जत्रेत माझा संदेश दहा मिनिटांत बाजारभावांच्या आणि फवारणीच्या जाहिरातींच्या खाली गाडला गेला. कुणी शिवीसुद्धा दिली नाही.

मग एक ग्रुप सापडला. ‘न घाबरता खरं बोलणाऱ्यांचा’ असं बिरुद होतं. नाव सांगत नाही, असले पुष्कळ आहेत. तिथं मी तोच मजकूर जरा विस्तारानं टाकला. संध्याकाळपर्यंत तीनशेच्या वर लोकांनी पसंती दिली होती. संपादक महोदय, खोटं कशाला सांगू, जेवताना मी दोनदा मोबाइल काढून आकडा बघितला. बायको म्हणाली, ‘कुणाचं लगीन जमलंय काय?’

रात्री चष्मा लावून खालचे शेरे वाचायला घेतले. ‘फुकटे.’ ‘पोरीच्या लग्नात उडवतात आणि आमच्या करातून भरून घेतात.’ ‘एका निवृत्त सहकार अधिकाऱ्यानंच कबूल केलंय बघा.’ मी अधिकारी कधी नव्हतो, आणि कबूल केलं म्हणजे काय! मग एकानं लिहिलं होतं की शेतकरी आत्महत्या हे मदत मिळवायचं नाटक आहे, आणि त्याखाली अंगठे. माझ्या सेवेत चार सभासदांच्या बायका मृत्यूचा दाखला घेऊन माझ्या टेबलासमोर बसल्या आहेत. एक तर दाखल्याबरोबर सोसायटीचं पासबुकही घेऊन आली होती, प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावलेलं. मला म्हणाली, ‘किती निघतंय तेवढं सांगा, मी भरते.’ तिच्या नावावर अंगठे उठवायला मी माझ्या हातानं मजकूर पुरवला होता. त्या रात्री तो मजकूर पुसला आणि तिथून बाहेर पडलो.

गावात मला शिव्या पडल्या, त्यानं झोप उडाली नव्हती. या कौतुकानं उडाली. गावच्या ग्रुपात माझं मत एकट्याचं होतं, तरी ज्यांच्याबद्दल बोलत होतो ती माणसं समोर होती. इथं नावडतं मत आवडणारे तीनशे भेटले आणि त्यातल्या एकालाही मार्चएण्डची कर्जवसुली म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

दिवाळीत नात पुण्याहून आली. इंजिनिअरिंगला आहे. तिला सगळं सांगितलं, तर म्हणाली, ‘आबा, तुम्ही चुकीच्या गल्लीत शिरलात.’ तिनं रेडिट नावाचं एक ठिकाण दाखवलं. २००५ पासून चालू आहे, बरंचसं इंग्रजीत. तिथं नावडत्या मतांसाठी स्वतंत्र दालन आहे म्हणून मी खूष झालो. बघतो तर अननस घातलेला पिझ्झा चांगला की वाईट, यावर हाणामारी. शिवाय तिथं प्रत्येक मजकुराला वर किंवा खाली ढकलायचे बाण असतात. बहुतेकांना नाही आवडलं की मजकूर खाली जातो, दिसेनासा होतो. म्हणजे नावडत्या मताच्या नावानं दालन काढायचं आणि नावडतं निघालं की बुडवायचं. सोसायटीच्या निवडणुकीत यापेक्षा वेगळं काही होत नाही.

नातीनं मग दुसरं दालन उघडलं. त्याच्या नावाचा अर्थ ‘माझं मत बदलून दाखवा’ असा. स्कॉटलंडमधल्या एका किशोरवयीन मुलानं २०१३ मध्ये ते सुरू केलं. तिथले नियम मी दोनदा वाचून घेतले, कारण नियम वाचणं हा माझा जन्माचा धंदा. मत खरोखर तुमचं असलं पाहिजे आणि ते बदलायची तुमची तयारी पाहिजे. ज्याला थेट उत्तर द्यायचंय त्यानं तुमच्या मताला निदान एका बाजूनं तरी आव्हान दिलं पाहिजे. नुसतं ‘अगदी बरोबर’ म्हणायला बंदी! मत टाकून पळून जायचं नाही, तीन तासांच्या आत उत्तरं द्यायला लागायचं. आणि कुणी तुमचं मत थोडंसंही हलवलं, तर त्याला ग्रीक लिपीतला तो त्रिकोण, डेल्टा, द्यायचा आणि काय हललं ते लिहायचं.

भाऊबीजेच्या दुपारी आम्ही बसलो. मी मराठीत सांगायचं, तिनं इंग्रजीत टंकायचं. पहिल्याच परिच्छेदात गाडी अडली. ‘नवं-जुनं’ला इंग्रजीत काय म्हणायचं? तिला आधी मराठीतच समजावून सांगावं लागलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सभासद सावकाराकडून आठ-दहा दिवसांसाठी पैसे उचलतो, सोसायटीचं जुनं कर्ज भरतो, नवं कर्ज मंजूर करून घेतो आणि त्यातून सावकाराला व्याजासकट परत करतो. वहीत कर्ज फिटलेलं दिसतं. वेळेत भरलं म्हणून व्याजसवलतही मिळते. प्रत्यक्षात रुपया कुठं हललेलाच नसतो, मधल्या मधे सावकाराचं व्याज तेवढं जातं. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. ‘आबा, मग तुमच्या वहीतले नियमित भरणारे…’ म्हणाली आणि थांबली. तिला त्रिकोण द्यायचं तेव्हा मला सुचलं नाही. खरं तर पहिला तिचाच.

पोस्ट टाकली. शिव्या आल्या नाहीत असं नाही, पण तिथले कारभारी त्या उचलून टाकत होते आणि का टाकल्या ते खाली लिहीत होते. संध्याकाळी एकानं विचारलं. तो स्वतःला अमेरिकेतला म्हणवत होता, खरं-खोटं तो जाणे. त्यानं लिहिलं, की आमच्याकडे १९८६ पासून शेतकरी कुटुंबांसाठी दिवाळखोरीच्या कायद्यात वेगळा अध्याय आहे, बारावा. बुडालेला शेतकरी न्यायालयात जातो, तीन ते पाच वर्षांच्या हप्त्यांची योजना ठरते आणि जमीन कसत-कसत तो त्यातून निघू शकतो. तुम्ही म्हणता सरसकट माफी वाईट. मग तुमच्याकडच्या खरोखर बुडालेल्या माणसानं बाहेर पडायचं दार कोणतं?

मी नातीला म्हणालो, लिही. आणि काय लिही ते मला सांगता येईना. आपल्याकडे २०१६ चा दिवाळखोरीचा कायदा आहे, मोठमोठ्या कंपन्या त्याखाली जातात. आमच्या साडेचार एकरवाल्याला निवडणुकीआधीची घोषणा हेच दार, ते कधी तरी एकदा उघडतं, आणि उघडतं तेव्हा गरजू आणि बनेल दोघे एकदम आत घुसतात. दार वाईट आहे हे माझं म्हणणं आजही कायम आहे. पण दुसरं दार न दाखवता ‘या दारानं जाऊ नका’ असं मी चारशे माणसांना सांगत होतो, तेही पाणी ओसरायच्या आत. आम्ही त्याला त्रिकोण दिला. नातीनं कारण टंकलं, मी शब्द न् शब्द तपासला.

इंग्रजी हीच अर्थात मोठी अडचण. प्रत्येकाला दिवाळीत नात येत नाही. मराठीत मायबोलीसारखी संकेतस्थळं आहेत, ते तर १९९६ पासून चालू आहे. टोपणनावानं का होईना, लोक तिथं पान-पानभर लिहितात आणि पान-पानभर खोडूनही काढतात. मला ते आवडलं. एवढंच की चर्चा करणारे बरेचसे पुण्या-मुंबईचे नाहीतर परदेशातले वाटले. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्का’चा विषय निघाला की मैफल पांगते.

या फिरतीतून मला एक खूण सापडली, ती सांगून टाकतो. नव्या ठिकाणी शिरण्याआधी मी आठवडाभर नुसतं वाचतो आणि जुन्या मजकुरात एकच वाक्य शोधतो, ‘माझं चुकलं’. शंभर उत्तरांत एकदा तरी ते सापडलं तर थांबायचं. नाही सापडलं तर तिथं कितीही धीट गप्पा चालल्या असोत, गुमान परत फिरायचं. ‘इथं काहीही बोला’ अशी पाटी असते तिथं तर जाऊच नये. तिथं आठ दिवसांत नुसत्या जाती निघतात, आणि ज्याला खरोखर काही अवघड म्हणायचं असतं तो सगळ्यांत आधी उठून जातो.

शेवटी मी सात जणांचा एक लहानसा ग्रुप केला. औसा, निलंगा आणि तुळजापूरकडचे लोक, दोघे माफीच्या बाजूचे आणि कडवे. नियम एकच ठेवला. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत लिहायचं, आणि त्यानं ‘हाव, हेच म्हणायचं होतं’ असं म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. पहिल्या महिन्यात आमचे कसेबसे तीन विषय झाले. दोघे कंटाळून गेले, आता पाच उरलो.

त्यातल्या एक बाई बटईनं जमीन कसतात. फार बोलत नाहीत. एकदा आम्ही दोघे माफीवरून रात्री अकरापर्यंत भांडत होतो, तेव्हा त्यांचा आवाजी संदेश आला. मागं कुत्रं भुंकत होतं. ‘सातबारा मालकाच्या नावावर. सोसायटी मला कर्ज देत न्हाई, मी ते बाहेरनं काढलंय शेकड्यानं. माफी झाली तर मालकाची हुती. पाण्यानं गेलेल्या सोयाबीनची भरपाई बी मालकाच्याच खात्यावर येती. तुमी दोघं उगं कशाचं भांडायलाव?’

एकतीस वर्षं मी खतावण्या लिहिल्या. माझ्याच अक्षरातल्या. त्यात बटईदाराचं एकही नाव नाही, कारण रकानाच नव्हता.

आता विनंती. आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात पूर्वी ‘नाव व पत्ता कार्यालयास ज्ञात’ अशी ओळ छापून पत्रं यायची. लिहिणाऱ्याला गावात लपता यायचं, पण संपादकाला तो ठाऊक असायचा, म्हणून वाट्टेल ते लिहिता यायचं नाही. मी सहा महिने नेटवर जी सोय शोधत होतो ती बरीचशी ही होती. ती ओळ परत आणा. आठवड्यातून एक पत्र असं छापा, जे आपल्या बहुतेक वाचकांना पटणार नाही: शेतकऱ्याचं, शिक्षकाचं, सुनेचं, कुणाचंही. त्याच्यावर आलेल्या उत्तरांतलं सगळ्यांत जोरकस उत्तर पुढच्या आठवड्यात छापा, आणि तिसऱ्या आठवड्यात मूळ पत्रलेखकाला चार ओळी सक्तीच्या करा, की त्याचं काय हललं आणि काय नाही. तालुक्याच्या आवृत्तीत वाढदिवसाच्या शुभेच्छांना जेवढी जागा जाते त्याच्या पाव जागेत हे बसेल.

माझं हे पत्रही त्याच ओळीखाली छापावं. पुढच्या महिन्यात घरात लग्नकार्य आहे आणि साडूला आहेर करायचाय. तसा पहिला परिच्छेद वाचूनच स्टँडवरच्या हॉटेलात नाव कळेल, तो भाग वेगळा.

आपला,
एक निवृत्त गटसचिव, ता. औसा, जि. लातूर
(नाव व पत्ता कार्यालयास ज्ञात)

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेव्हा मोबाइल वाजला. पुतण्यानं ग्रुपात परत घेतलंय. यात्रेच्या पट्टीचा हिशेब दरसाल मीच लिहितो, तो टाकायचा राहिलाय, लोक विचारायलेत म्हणे.